शपथ मोडल्यावर तो प्रार्थनेला येत नाही

प्रार्थनास्थळांच्या विश्वस्तांकडून आणि धर्मगुरूंकडून येणाऱ्या बहुतेक पत्रांत श्रद्धा आणि उपचार यांपैकी एकाचीच निवड करायची आहे असे गृहीत धरलेले असते, म्हणून काही प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : आमचे सभागृह व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या साप्ताहिक सभेसाठी द्यावे का?

उत्तर : अवश्य द्यावे, मात्र कोण आले, कोण गेले याची नोंदवही दारात ठेवू नये.

प्रश्न : मुलांना व्यसनाची भीषण छायाचित्रे दाखवली तर ती दूर राहतील ना?

उत्तर : नाही. भीतीचा परिणाम फार टिकत नाही. रिकाम्या संध्याकाळी मुलांसोबत असणारी, त्यांना नावानिशी ओळखणारी दोन मोठी माणसे अधिक उपयोगी पडतात.

प्रश्न : एका तरुणाने सर्वांसमोर शपथ घेतली आणि महिनाभर तो हेरॉइनला शिवला नाही. आता तो प्रार्थनेला येत नाही. त्याला पुन्हा शपथ द्यावी का?

उत्तर : देऊ नये. आजच त्याच्या घरी जावे, आणि एकट्यानेच जावे, शिष्टमंडळ घेऊन नव्हे. महिनाभर हेरॉइनसारखा अफूजन्य पदार्थ बंद राहिला की शरीराची तो सोसण्याची क्षमता घटते. पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. शपथ मोडल्याची लाज वाटणारा माणूस दार लावून एकटाच घेतो, आणि तेव्हा मदतीला हाक मारायला कोणी जवळ नसते. शपथेला माझा विरोध नाही. ती चारचौघांत वदवून घेऊन नंतर त्या माणसाची विचारपूसही न करण्याला आहे. त्याला व्यसनोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे सोबत घेऊन जावे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही अफूजन्य व्यसनावरची औषधे सुरू झाल्यास ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे कोणी म्हणू नये. ऐकीव माहितीवर असे बोलणाऱ्यांमुळे उपचार अर्ध्यावर सुटतात. अफूजन्य पदार्थाच्या अतिमात्रेचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलॉक्सोन या औषधाबद्दलही घरच्यांना डॉक्टरांकडून समजून घ्यायला सांगावे. त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, त्यामुळे ते दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवावीच लागते.

प्रश्न : जेवणात नकळत मिसळून दारू सोडवणारी पावडर आमच्या सदस्यांना विकली जात आहे. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये, आणि विकणाऱ्याला आवारात पाऊलही ठेवू देऊ नये. अशा पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. तिच्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असले आणि त्यावर माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. रुग्णाच्या संमतीशिवाय आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे औषध देता येत नाही.

प्रश्न : अनेक वर्षे झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या एका भगिनीला उपवासाच्या पहिल्या दिवसापासून त्या एकदम बंद करायच्या आहेत.

उत्तर : तसे करू नये, काही गोळ्या अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात. उपवासाआधी त्यांना डॉक्टरांना भेटू द्या. मात्रा किती आणि किती दिवसांत उतरवायची हे तेच ठरवतील.