आठला या, म्हणजे दुपारी दोनला

काकू, सलाम.

मी मिरजेची, सासर साताऱ्याचं. वय २७, लग्नाला तीन वर्षं झाली. आमच्याकडच्या काही मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, मिळून आम्हा दोघांना मिशनरी म्हणून केनियात पाठवलंय. पश्चिमेकडे किटालेजवळ राहतो. दीड वर्ष झालं, दीड राहिलं. नवरा इथल्या मंडळीत शिकवतो, खेड्यांत फिरतो. मी नर्स आहे, पण इथली नोंदणी नाही म्हणून काम करता येत नाही. सकाळपासून दारात माणसं. चहा, परत चहा. मला नावाने कुणी हाक मारत नाही, 'मामा पास्टर' म्हणतात. दर महिन्याला नवरा गावाकडे प्रार्थनापत्र पाठवतो, त्यात सगळं छान असतं. आम्ही जुनं वॉशिंग मशीन घेतलं तर ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं, 'आम्ही अजून हातानेच धुतो हं.' तेव्हापासून व्हिडिओ कॉल आला की मी मशीनवर चादर टाकते. आई म्हणते, देवाच्या कामाला गेलात, तो बघेल. सासूबाई एकच विचारतात, ते तुम्हाला कळलंच असेल. आणलेला कांदा-लसूण मसाला संपला त्या दिवशी मी रडले. आणि खरं सांगू? चार महिने झाले, माझी प्रार्थनाच होत नाही. डोळे मिटते आणि किती शर्ट धुवायचे राहिलेत ते मोजते. नवऱ्याला माहीत नाही. मी परत येऊ का?

– मामा पास्टर

सलाम गं.

पत्र चार पानी होतं, वर छापलंय ते त्यातलं थोडं. हाताने लिहून, मोबाइलवर फोटो काढून पाठवलेलं. तिसऱ्या पानावर तेलाचं बोट उमटलंय, म्हणजे ओट्याशी उभी राहून लिहिलंस. मला आवडलं ते. फक्त सही तेवढी खटकली. तुझं नाव मी छापलं नसतंच, पण मला तरी कळवायचंस. तिथले लोक नावाने हाक मारत नाहीत अशी तक्रार करतेस आणि मलाही तेच नाव सांगतेस!

दुसऱ्या पानावरची गोष्ट जागेअभावी वर घेता आली नाही, ती इथे सांगते, कारण माझं सगळं उत्तर तिच्यात आहे. तू नवीन होतीस. बायकांच्या सभेचं बोलावणं आलं, 'सा नाने'. सा म्हणजे वाजले, नाने म्हणजे आठ, एवढं तू शिकली होतीस. सकाळी आठला तू चर्चच्या दाराशी हजर. दाराला कुलूप. बाहेर एक बाकडं. तू बसलीस. पाणी नाही, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि 'मी चुकले असेन' असं वाटून घरीही जाववेना. बायका जमल्या दुपारी दोनला. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, आपल्या सातला तिथे एक वाजतो, म्हणजे आठ वाजतात ते आपल्या दुपारच्या दोनला. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नाहीच.

घरी येऊन तू रडलीस. आणि महिनाअखेरीच्या प्रार्थनापत्रात नवऱ्याने लिहिलं, 'प्रभूने माझ्या पत्नीला सहा तासांत धीराचा धडा दिला.' गावाकडे सगळे हसले, कौतुक झालं.

तुझं दुखणं मला इथे दिसतं. चहा, चादर, मसाला हे सगळं नंतरचं. ते सहा तास तुझे होते. त्यांचं काय करायचं हे तू ठरवायच्या आत त्यांचा धडा झाला आणि तो गावभर वाटला गेला. तेव्हापासून तुझ्या घरात काही घडलं की आधी मनात येतं, हे पत्रात कसं दिसेल? चादर तू कॉलवरच्या माणसांसाठी टाकत नाहीस, त्या पत्रासाठी टाकतेस.

नवऱ्याला दोष देऊन मोकळी होणार नाही मी. (त्यालाही हे वाचू दे.) दोन-चार मंडळ्यांच्या दानपेटीतून ज्याचा महिना चालतो, त्याच्या पोटात कायम एक गोळा असतो. पत्र रडकं गेलं तर लोक म्हणतील, जमत नाही तर गेले कशाला. म्हणून तो छान-छान लिहितो. लबाड नाही गं, घाबरलाय. आणि तू त्याला प्रार्थनेचं सांगत नाहीस, म्हणजे तूही त्याला छान-छान प्रार्थनापत्रच पाठवतेस की रोज.

मायदेशच्या वाचकांना मिशनरी बायकांची पत्रं दोनशे वर्षांपासून आवडत आलीत. हॅरिएट न्यूएल नावाची अमेरिकन मुलगी १८१२ साली नवऱ्याबरोबर भारतात यायला निघाली. कलकत्त्याला कंपनी सरकारने राहू दिलं नाही, पुढच्या जहाजप्रवासात मूल झालं आणि गेलं, आणि त्याच नोव्हेंबरात मॉरिशसला तीही गेली. वय १९. नवरा, सॅम्युअल न्यूएल, नंतर मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये आला आणि तिथेच १८२१ मध्ये वारला. हॅरिएटची पत्रं आणि रोजनिशी अमेरिकेत छापली गेली, त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, घराघरांत ती संत झाली. एकोणीस वर्षांच्या पोरीला जहाजावर काय काय वाटलं असेल, त्यातलं संतपणाला न शोभणारं किती असेल, ते कोण शोधत बसलं? तुला घाबरवायला हे सांगत नाही. दूरच्या माणसाची मूर्ती करणं लोकांना फार सोपं जातं, एवढंच बघ. तुझीही अर्धी झाली आहे. शेंदूर वाळायच्या आत हाल.

आणि मूर्ती करणारे आपणही कमी नाही. तू मिरजेची. तुझ्या गावात वॉनलेस हे नाव अजून रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतं; माझ्या थोरल्याचा जन्म 'मिशन' हॉस्पिटलमधलाच. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये इकडे आले तेव्हा चोवीस वर्षांचे होते, तुझ्याहून लहान. बायको बरोबर होती. १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं, पुढे 'सर' झाले, एक वाडी त्यांच्या नावाची झाली. हे आपण पाठ म्हणतो. पण त्या बाईने पहिल्या मे महिन्यात सांगली-मिरजेच्या उन्हात काय केलं? बाजारात पहिल्यांदा 'पावशेर' ऐकल्यावर तिचा चेहरा कसा झाला? ओसरीवर डोकावणाऱ्या आपल्या खापरपणज्यांना तिला किती वेळा दाराबाहेर काढावंसं वाटलं असेल? ते कुठल्या फलकावर नाही. मला मात्र आजकाल त्या माणसांबद्दल हेच विचारावंसं वाटतं.

त्या लोकांनी दोन गोष्टी मात्र शहाणपणाने केल्या, त्या तू उचल.

एक म्हणजे भाषा. मराठी शिकवायला पंडित ठेवायचे, आणि ते शिकणं हेच सुरुवातीचं काम मानायचे. तुमच्याकडे काय झालं? नवरा आठवड्यातून तीनदा स्वाहिलीच्या शिक्षकाकडे जातो आणि तू चहाच्या आधणाकडे. हे आजच बदल. अर्धा महिना तो जाऊ दे, अर्धा तू. तेवढे दिवस आल्या-गेल्याला चहा त्याने करावा, पाळकाच्या हाताला काही होत नाही. आणि स्वाहिली तुला वाटते तेवढी परकी नाही. तूच लिहिलंयस की दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू, रंगाला रंगी, गाडीला गारी, विम्याला बीमा म्हणतात. अरबी-फारसी शब्द आपल्याकडे आले तसे गलबतांतून तिकडेही उतरले, त्यांच्याबरोबर आपलेही काही गेले. नाचणीला तिथे विंबी आणि ज्वारीला म्तामा म्हणतात ना? मग साताऱ्याच्या सुनेला भाकरीची आठवण काढत मक्याच्या पिठाच्या उगालीपुढे बसायचं कारण नाही. म्तामाचं पीठ आण, उकळतं पाणी घाल, थाप. शेजारणीला बोलाव आणि तिलाही थापायला लाव. तिची फाटली की तू हस. दीड वर्ष सगळं तीच तुला शिकवते आहे, एकदा उलटं होऊ दे.

दुसरी गोष्ट विश्रांती. मराठी मिशनची माणसं उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठायची आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. काम टिकायचं तर माणूस टिकला पाहिजे, असा सरळ हिशेब. तुमच्या घराला आठवड्यातून एक दुपार तरी कडी लागली पाहिजे. लगेच म्हणशील, इथे दार लावणं उद्धटपणा समजतात. असेल. म्हणून ते तू एकटी ठरवू नकोस. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचार, 'तुम्हाला एकटं राहायचं असतं तेव्हा तुम्ही काय करता?' त्यांच्याकडे काहीतरी रीत असणारच. आपल्याकडे नाही का, दुपारी दोन ते चार दार वाजवलं तर शेजारीण तोंडावर बोलत नाही, पण चहाही विचारत नाही!

वॉशिंग मशीनवरची चादर काढ. बिछान्यावर घाल. त्या 'हातानेच धुतो हं' वाल्या बाईंना उत्तर देऊ नकोस. मात्र नवऱ्याने मंडळ्यांच्या खजिनदाराला खर्चाचा कागद एकदा स्वच्छ पाठवावा: भाडं, शिकवणी, मशीन, प्रवास. ज्याला विचारायचा हक्क आहे त्याला आकडे, बाकीच्यांना नमस्कार.

सासूबाईंच्या प्रश्नाला त्यांच्या मुलाने उत्तर द्यायचं. फोन त्याच्या हातात दे आणि स्वयंपाकघरात जा.

नर्सिंगचं मात्र मनावर घे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीला काय काय लागतं, किती महिने लागतात, तुमच्या परवान्यात नोकरी बसते का, हे लेखी विचारून ठेव. झालं तर उत्तम, नाही झालं तर निदान 'करता येत नाही' आणि 'विचारलंच नाही' यांतला फरक कळेल. तुझ्या पत्रात तो मला नीट दिसला नाही.

आता प्रार्थना. मी तुझ्या धर्माची नाही, त्यामुळे अधिकाराने काही बोलणार नाही. पण वॉनलेसवाडीत माझी एक मैत्रीण होती, तिच्या घरी संध्याकाळी स्तोत्रं वाचायचे, ती कानावरून गेलीत. १३७वं मला कधी विसरता आलं नाही. बाबेलच्या नद्यांकाठी बसून ती माणसं रडताहेत, वाद्यं झाडांना टांगून ठेवलीत, आणि ज्यांनी धरून आणलं ते म्हणताहेत, गा ना तुमच्याकडचं एखादं आनंदाचं गाणं. आणि ती म्हणतात, परक्या मुलखात आम्ही परमेश्वराचं गाणं गायचं तरी कसं? बघ, तुमच्या पवित्र शास्त्रात हे कुणी खोडलं नाही. 'त्यांना धीराचा धडा मिळाला' असंही शेवटी जोडलेलं नाही. उलट त्या स्तोत्राचा शेवट इतका कडू आहे की मैत्रिणीचे वडील तिथे आवाज खाली आणायचे. तुला धरून कुणी नेलं नाही, खरंय. पण गाणं मागणारे आहेतच ना, दर महिनाअखेरीला.

तेव्हा आज रात्री नवऱ्याला सांग. 'माझा विश्वास गेला' असलं मोठं वाक्य नको. शर्टांचं सांग. डोळे मिटल्यावर किती मोजतेस तो आकडा सांग. तो पाळक म्हणून बोलायला लागला तर थांबव आणि म्हण, मला आत्ता नवरा हवाय. माझा अंदाज असा की त्याच्याकडेही मोजायचं काहीतरी असेल. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ते प्रार्थनेच्या खात्यात टाकू नकोस, डॉक्टरांकडे जा. नर्सला हे मी सांगायला हवं?

प्रार्थनापत्र बंद करू नका. एक महिना त्याने लिहावं, एक महिना तू. तुझ्या महिन्यात त्याने शुद्धलेखन बघावं, मजकूर नाही. पहिलं पत्र त्या बाकड्याचं लिही. कुलूप, बॅटरी, घशाची कोरड, दोन वाजता आलेल्या बायका तुला बघून काय म्हणाल्या ते सगळं, आणि घरी येऊन रडले तेही. धडा लिहू नकोस. एखादी मंडळी नाराज होईल, होऊ दे. मला वाटतं, त्याच मंडळीतली एखादी सून ते वाचून तुला वेगळं पत्र लिहील.

परत यायचं का, ते आज ठरवू नकोस, पण तारीख ठरव. सहा महिन्यांनी, ऑगस्टचा पहिला रविवार म्हण, दोघं बसा आणि तेव्हा बोला. तोवर भाषा झालेली असेल, दार थोडं लागायला लागलं असेल. तेव्हाही नकोच वाटलं तर ये. तुझ्या मिरजेला कुणी कुलूप घातलेलं नाही, आणि आलीस म्हणून तू कुणाची पडलेली मूर्ती होणार नाहीस. काही लोक बोलतील. ते तू तिथे असतानाही बोलतातच की!

आणि मसाल्याचं. कुणी येईपर्यंत वाट कशाला बघतेस? तिथे कांदा, लसूण, मिरची, धणे सगळं मिळतं. गुजराती दुकानात तीळ, जिरं, लवंग, दालचिनीही मिळेल. रंगाला ब्याडगी मिळणार नाही, मग तिथली लाल मिरची बिया काढून घे, नाहीतर जाळ होईल. सुकं खोबरं नसेल तर तीळ वाढव. सगळं वेगवेगळं भाज, एकत्र नको. मुख्य म्हणजे कांदा. उभा पातळ चिरून दोन-तीन दिवस कडकडीत वाळव, मगच तेलात तळ आणि पूर्ण गार झाल्यावर कुट. ओलसर राहिला तर बुरशी धरेल. मार्चअखेर पाऊस लागतो म्हणतेस, त्याआधी उरकून घे.