जुन्या यॉटसाठी नवीन शिडं घ्यायची आहेत. सेलमेकर कसा निवडावा?

तुमचा प्रश्न असा आहे: २८ फुटी यॉट आहे, मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बांधणीला) असते, मेन (डोलकाठीला लागलेलं मुख्य शीड) आणि जेनोआ (पुढचं मोठं शीड) दोन्ही १२ वर्षांची झाली आहेत, तर परदेशी ब्रँडची शिडं मागवावीत की इथेच कुणाकडून शिवून घ्यावीत? मी आणि माझे दोन भागीदार जवळपास याच मापाची बोट १४ वर्षं चालवतो आहोत. या काळात दोनदा शिडं घेतली. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा मनासारखी मिळाली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रँडचा विचार सगळ्यात शेवटी करा. जो सेलमेकर दर सांगायच्या आधी तुमच्या बोटीवर येऊन माप घेतो आणि शीड चढवल्यावर पहिल्या दिवशी तुमच्याबरोबर पाण्यावर येतो, त्याच्याकडून घ्या. तो मुंबईचा असो, गोव्याचा असो की परदेशी कंपनीचा इथला माणूस असो.

पण आधी जुनं शीड खरंच संपलंय का ते बघा. आमच्या क्लबवर रत्नागिरीकडचे एक जुने खलाशी होते. एकदा मांडव्याहून येताना आमच्या मेनकडे बघून म्हणाले, "सायेब, शीड म्हातारं झालं. वारा धरतंय, पण सोडत नाही." मला तेव्हा त्याचा अर्थ नीट लागला नाही. नंतर सेलमेकरने तेच समजावून सांगितलं. नव्या शिडाचं पोट पुढच्या बाजूला असतं आणि मागची कड, म्हणजे लीच, जवळजवळ सपाट असते, त्यामुळे वारा तिथून सहज सुटून जातो. कापड ताणलं गेलं की पोट खोल होतं आणि मागे सरकतं. मग वारा लीचपाशी अडकतो, बोट पुढे जायच्या ऐवजी आडवी होते आणि सुकाणू हातातून ओढ घेतं. तुम्हाला १२-१३ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यातच रीफ घ्यावासा, म्हणजे शीड खालून गुंडाळून लहान करावंसं वाटत असेल, तर दोष बहुधा बोटीचा नाही.

हे घरच्या घरी मोजता येतं. १० नॉटच्या आसपास वारा असताना मेन नेहमीसारखं ताणा, बूमच्या, म्हणजे मेनच्या खालच्या आडव्या दांड्याच्या, मधोमध खाली पाठीवर आडवे व्हा आणि फोनने सरळ वरच्या दिशेला फोटो काढा. मध्यावरची एखादी आडवी शिवण फोटोत स्पष्ट दिसेल. तिच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरळ रेघ मारा. शिवण त्या रेघेपासून सगळ्यात लांब कुठे आहे आणि किती, ते पट्टीने मोजा. फिरायच्या बोटीच्या चांगल्या मेनमध्ये ही खोली रेघेच्या लांबीच्या १२ ते १४ टक्के येते आणि सगळ्यात खोल जागा पुढून ४० ते ४५ टक्क्यांवर असते. आमच्या जुन्या मेनची खोली १७ टक्के निघाली आणि जागा ५५ टक्क्यांवर. आकार जागेवर असेल आणि नुसता दोरा गेला असेल, तर नवीन घेऊ नका, सगळ्या शिवणी परत मारून घ्या. मुंबईच्या उन्हात कापडाच्या आधी दोरा मरतो. अंगठ्याच्या नखाने शिवण जोरात खरवडा. दोरा तुटून भुशासारखा हाताला लागला की समजा.

आता ते माप आणि पाण्यावरची फेरी यांचा मी एवढा आग्रह का धरतो, ते सांगतो.

शीड सपाट कापडाचं असतं आणि तरी त्याला पोट येतं, ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे कापडाच्या पट्ट्या जोडताना त्यांच्या कडा सरळ न कापता किंचित गोलाईत कापतात. ब्लाऊजला टक्स घालतात तोच हिशेब. दुसरं म्हणजे मास्टला, म्हणजे डोलकाठीला, लागणारी कड, म्हणजे लफ, हीसुद्धा बाहेरच्या बाजूला गोलाई ठेवून कापतात. ती किती ठेवायची हे तुमची मास्ट किती वाकते यावर ठरतं. ताठ मास्टवर जास्त गोलाईचं शीड चढवलं की ते पिशवीसारखं होतं. वाकणाऱ्या मास्टवर कमी गोलाईचं चढवलं की सपाट फळी होते. त्यामुळे ताडपत्री शिवणारा कारागीर कितीही हुशार असला तरी तो फाटलेलं उत्तम सांधून देईल, नवीन शीड करून देऊ शकणार नाही. कंपनीचा कॉम्प्युटरसुद्धा आकडा चुकीचा दिला तर चुकीचंच कापणार.

पहिल्या वेळी आमचं असंच झालं. एका परदेशी लॉफ्टने, म्हणजे शिडं शिवणाऱ्या कारखान्याने, ईमेलवर फॉर्म पाठवला. आम्ही चार मुख्य मापं भरली. मेनसाठी मास्टवरची उंची म्हणजे ‘पी’ आणि बूमवरची लांबी म्हणजे ‘ई’, मास्टच्या पुढच्या त्रिकोणासाठी, जिथे जेनोआ लागतं, उंची ‘आय’ आणि पाया ‘जे’. एवढ्यावर किमतीचा अंदाज येतो. समजा पी ९.५ मीटर आणि ई ३.२ मीटर, तर गुणाकाराचं अर्धं १५.२ चौरस मीटर, त्यात मागच्या गोलाईचे दहाएक टक्के धरले की पावणेसतरा. दर मागायला हे पुरे, कापायला नाही. बूमच्या तोंडाशी एक पिन असते, त्यात शिडाचा खालचा पुढचा कोपरा अडकतो. ती पिन मास्टच्या खाचेच्या सरळ रेषेत नसते, आमच्या बोटीत ती ६ सेंटिमीटर मागे होती. फॉर्ममध्ये हे कुठेच विचारलेलं नव्हतं. तीन महिन्यांनी शीड आलं, कस्टममधून सोडवलं, चढवलं, तर त्या कोपऱ्यातून वर तिरकी सुरकुती. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, कितीही ताणा, जात नाही. खालचा स्लाइड, म्हणजे शीड मास्टच्या खाचेत धरणारा तुकडा, एवढा ओढला जायचा की दुसऱ्या महिन्यात तुटला. लॉफ्टचं म्हणणं, परत पाठवा, दुरुस्त करून देतो. पण पाठवायचा खर्च, परत येताना पुन्हा कस्टम, आणि हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच. शेवटी इथल्याच एका सेलमेकरने कोपरा उसवून बसवून दिला. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही त्याच्याकडेच गेलो.

तो बोटीवर आला तेव्हा पाऊण तास नुसता प्रश्नच विचारत होता. रेस करता का? किती जण असता? रात्री कधी जाता का? बॅकस्टे, म्हणजे मास्टला मागून धरणारी तार, ताणायची सोय आहे का? जुनं शीड कुठे घासतं? मग त्याने मेन हॅलयार्डला स्टीलची टेप बांधून वर चढवली, खाचेत सरकणाऱ्या स्लाइडची जाडी कॅलिपरने मोजली, बॅकस्टे मास्टपासून किती लांब आहे तेही मोजलं, नाहीतर लीचची गोलाई त्याला घासते. त्या पाऊण तासातच आम्ही ठरवून टाकलं.

कापडाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पैसे तिथेच जातात. मुंबई बंदरात फिरायच्या बोटीला विणलेलं पॉलिस्टर, म्हणजे डॅक्रॉनच घ्या. लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेलं कापड, हलकं असतं, आकारही छान धरतं, पण आपल्या दमट हवेत थरांच्या मध्ये बुरशी जाते आणि थर सुटायला लागतात. रेस करणाऱ्यांचं ठीक आहे, ते काही हंगामांनी बदलतातच.

डॅक्रॉन सगळं सारखं नसतं. साध्या आडव्या पट्ट्यांच्या शिडात, ज्याला क्रॉसकट म्हणतात, लीचवरचा सगळा ताण कापडाच्या आडव्या धाग्यावर, बाण्यावर येतो. चांगल्या कापडात विणकाम घट्ट आणि बाणा जाड, सरळ असतो. स्वस्त कापडात विणकाम सैल असतं आणि ती कसर रेझिनची खळ देऊन भरून काढतात. नवं असताना दोन्ही सारखीच कडक लागतात. ओळखायचं कसं? कोटेशनबरोबर वीतभर तुकडा मागा. तो मुठीत वीसेक वेळा चुरगाळा, मग उरेबमध्ये, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोन्ही हातांनी ओढा. खळीवर उभं असलेलं कापड पांढऱ्या रेघा दाखवतं आणि रबरासारखं लांबतं. शिवणकाम करणाऱ्या कुणाच्या हातात दिलंत तर ती व्यक्ती डोळे मिटून सांगेल. आम्ही तीन तुकडे माझ्या आईकडे नेले होते. तिने जो निवडला तोच सेलमेकरच्या मते सगळ्यात चांगला होता.

कोटेशनवर कापड बनवणाऱ्याचं नाव, मालाचा प्रकार आणि वजन लिहून घ्या. डायमेन्शन-पोलियंट, चॅलेंज, कंटेंडर, बेनब्रिज ही नावं दिसतील. वजनात एक गोम आहे. अमेरिकन सेलमेकरचा ‘औंस’ पूर्ण चौरस यार्डाचा नसतो, ३६ गुणिले साडेअठ्ठावीस इंचांच्या तुकड्याचा असतो, म्हणून तेच कापड ब्रिटिश औंसात जड भासतं. चौरस मीटरला ग्रॅम विचारा, गोंधळच मिटतो. तुमच्या मापाच्या मेनला २८० ग्रॅमच्या आसपासचं कापड बरोबर आहे. त्याहून जड घेतलंत तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या सकाळी मतलई वारा पडला की शीड नुसतं लोंबत राहील. आपल्याकडे बरेच दिवस सकाळी हलका वारा आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याचा जोर असतो. दोन्हीत चालेल असंच शीड हवं, वादळासाठीचं नको. रीफ मात्र दोन घ्या, मेच्या शेवटी दुसरा कामाला येतो.

‘परदेशी ते चांगलं’ या समजुतीबद्दल एवढंच सांगतो की नॉर्थ सेल्सचा मोठा कारखाना श्रीलंकेत आहे, हाइड सेल्सचा फिलिपीन्समधल्या सेबूला. शिवण कुठेही उत्तम होते. तुमच्या डेकवर माप घेणारा आणि नंतर दुरुस्त करून देणारा माणूस कोण आहे, हे बघा.

जेनोआ फर्लरवर (शीड पुढच्या तारेभोवती गुंडाळायची यंत्रणा) गुंडाळलेलं राहत असेल तर लीच आणि खालच्या कडेला अ‍ॅक्रिलिकची पट्टी हवीच, कारण गुंडाळल्यावर तीच उन्हात राहते. फार मोठं घेऊ नका, ‘जे’ मापाच्या १३० टक्क्यांच्या आसपास पुरे, आणि मागचा खालचा कोपरा, क्लू, थोडा उंच कापून घ्या. जुन्या जेनोआची खालची कड आमच्या डेकला टेकायची. एकदा एलिफंटाची लाँच तिच्याआडून अचानक समोर आली तेव्हा छातीत धस्स झालं. फेरीबोटी, नांगरलेले बार्ज, मच्छीमारांच्या जाळ्यांचे खांब, आपल्या बंदरात शिडाखालून दिसणं हा चैनीचा विषय नाही.

दर तीन ठिकाणचे मागवा, पण सगळ्यांना एकच यादी द्या: कापड, वजन, रीफ, बॅटन (शिडात घालायच्या ताठ पट्ट्या), स्लाइड, उन्हाची पट्टी, पिशवी, तीन टाके पडणारी झिगझॅग शिवण. बाहेरच्या दरात वाहतूक, ड्यूटी आणि जीएसटी मिळवूनच तुलना करा. बसवून देणं आणि पहिली दुरुस्ती दरात आहे का, हे लिहून घ्या.

आमचं मेन चढवलं त्या दिवशी सेलमेकर बरोबर आला होता. करंजाच्या दिशेने एक टॅक (एका बाजूने वारा घेऊन एक टप्पा), मग परत. तो काहीच बोलत नव्हता, फक्त लीचकडे बघत होता. वरच्या बॅटनपाशी एक बारीक फडफड होती, मला तर ती दिसलीही नव्हती. त्याने पेन्सिलने दोन खुणा केल्या, शीड उतरवून घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं.

आता घाईची गोष्ट. मापं मास्ट उभी असताना, बोट पाण्यात असताना घेतलेली बरी. तुमची बोट मेअखेरीला वर काढणार असाल तर त्याआधी सेलमेकरला बोलवा, जूनमध्ये ऑर्डर द्या, म्हणजे ऑक्टोबरला शिडं हातात असतील. युरोपातले लॉफ्ट त्यांचा हंगाम संपल्यावर सवलत देतात, पण तेव्हा आपला हंगाम सुरू झालेला असतो, त्या सवलतीसाठी थांबू नका. जुनी शिडं फेकू नका, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून ठेवा, आणि उंदरांपासून लांब, उंचावर टांगा. नव्यात काही दुरुस्ती निघाली तर तेवढे आठ दिवस तीच कामाला येतील.