पर्समध्ये मावेल अशी दुर्बीण कुठली घेऊ?

प्रश्न : मी पुण्यात राहते, वय ६१, लांबचा चष्मा आहे. रोज सकाळी पाषाण तलावावर चालायला जाते, तिथे पक्षी बघायची गोडी लागलीय. भाचीची ८×४२ दुर्बीण गळ्यात घालून बघितली तर अर्ध्या तासात मान भरून आली. मुलगा म्हणतो दहाच्या खालची घेऊच नकोस, आणि ऑनलाइन तर ३०×६० पण दिसतात, त्याही स्वस्तात आणि छोट्याशा. नक्की काय घेऊ?

उत्तर : ताई, मुलाचं यावेळी ऐकू नका. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पट वाढली की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते आणि एका वेळी दिसणारा भाग सहसा कमी होतो, त्यामुळे झुडपातला पक्षी शोधेपर्यंत तो उडून जातो. मी स्वतः हौसेने १०×२५ घेतली होती, भिगवणला रोहित पक्षी नुसते नाचताना दिसले, ते नाचत नव्हते, माझे हात हलत होते. ८ पुरे.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ८×२५ म्हणजे साधारण ३ मिमी, ८×३२ म्हणजे ४ मिमी, एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. भर उन्हात आपली बाहुली तशीही २-३ मिमीच असते म्हणून दोन्हीत फार फरक कळत नाही, पण तुम्ही जाता सकाळी, उजाडता उजाडता, तेव्हा कमी उजेडात बाहुली मोठी झालेली असते, आणि बोरूच्या बेटात शिरलेली जांभळी पाणकोंबडी ८×२५ मधून नुसती काळी दिसेल. म्हणून माझं मत ८×३२. भाचीच्या दुर्बिणीपेक्षा बरीच हलकी असते, पर्स जरा मोठी लागेल एवढंच. ८×२५ अगदी खिशात मावते हे खरं, पण तिला बहुधा दोन बिजागऱ्या असतात, दर वेळी उघडून दोन्ही बाजू डोळ्यांच्या अंतराला जुळवत बसा, तोवर खंड्या मासा गिळून मोकळा.

त्या ३०×६० वाल्या तर सोडूनच द्या. एवढ्याशा नळीत ६० मिमीचं भिंग बसेल कसं, पट्टी लावून बघा की! लाल चमकणारी भिंगं पण नकोत, ती लाल उजेड परत फेकतात म्हणून चमकतात, मग आत सगळं हिरवट-निळसर दिसतं.

चष्मा आहे म्हणून दुकानात एक गोष्ट नक्की विचारा, आय रिलीफ किती, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं? १५ मिमी किंवा जास्त हवा, नाहीतर चष्मा लावून फक्त मधला गोल दिसतो आणि कडा गायब. डोळ्याजवळचे रबरी कप पूर्ण खाली करून, चष्मा न काढता, दुकानाच्या बाहेर येऊन लांबची पाटी वाचा. दोन मिनिटांत डोळे ओढल्यासारखे वाटले तर ती ठेवा तिथेच, आतले प्रिझम हलले असण्याची शक्यता असते.

वॉटरप्रूफ, आत नायट्रोजन भरलेली मिळाली तर थोडे पैसे जास्त द्या. माझी ती १०×२५ तशी नव्हती, पावसाळाभर चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवली आणि गणपतीत काढली तर भिंगावर बुरशीची जाळी. तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

आणि घरी आणल्यावर आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचा फोकस लावा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची रिंग फिरवा. हे एकदाच करायचं असतं. पण मुलाने हातात घेतली की तो ती रिंग फिरवणारच, तेव्हा तुमच्या जागेवर नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवा.