नवरा परक्यांशी बोलतो, माझ्याशी नाही

“घरात मी आहे, सासूबाई आहेत, त्याचा सख्खा भाऊ आहे. आणि हा रात्री दीड वाजता कुठल्या तरी परक्या माणसाला स्वतःच्या पोटाबद्दल लिहीत बसतो. मी कुठे कमी पडले, मॅडम?”

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बऱ्याच रूपांत येतो. कधी आई मुलीबद्दल विचारते, कधी मुलगा वडिलांबद्दल. मनातलं घरच्यांना सांगायचं सोडून माणूस ते मोबाइलला सांगतो, ही सगळ्यांचीच तक्रार. हे एक उदाहरण त्या दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून देते आहे.

नवऱ्याचं वय पस्तिशीतलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा जुना त्रास, औषधं थकली, शेवटी मोठं आतडं काढावं लागलं. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं, त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटवलेल्या पिशवीत मल जमा होतो. ऑपरेशन छान झालं होतं. पण घरी आल्यापासून तो बाथरूमला आतून कडी लावायचा, बायकोने मदत करू का विचारलं की “जमतंय” म्हणायचा. मग तिला कळलं की तो तासन्‌तास यूट्यूबवर पिशवीवाल्यांचे व्हिडिओ बघतो, खाली लांबलचक लिहितो. एक व्हिडिओ तर त्याने स्वतःही टाकला होता. त्यात चेहरा नव्हता, फक्त पोट आणि हात. जे पोट बायकोला बघू दिलं नाही ते जगाला दाखवलं, हे तिला लागलं होतं. लागणारच.

पुढच्या वेळी दोघे आले. मी त्याला म्हटलं, तुम्हाला आवडलेला एखादा व्हिडिओ दाखवा. त्याने एका बाईंचा लावला. त्या पिशवी बदलत होत्या. पिशवी कातडीला धरून ठेवणारी जुनी चिकट चकती हळूहळू सोलली, कातडी साध्या पाण्याने धुऊन टिपली, मापाचं कार्ड स्टोम्यावर धरलं. (ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा सहा-आठ आठवडे आक्रसत जातो, म्हणून माप पुन्हापुन्हा घ्यावं लागतं. चकतीचं भोक मोठं राहिलं तर कातडी सोलवटते.) त्या भोक कापत असतानाच स्टोम्यातून पिचकारी आली. टेबल, कात्री, सगळं भरलं. बाई खळखळून हसल्या, टिश्यूने पुसलं आणि पुढे बोलायला लागल्या.

तो म्हणाला, “हॉस्पिटलमध्ये सगळं नीट समजावलं होतं. पण तिथे कुणी हसलं नव्हतं.”

मला वाटतं, सगळं प्रकरण या वाक्यात आहे. हॉस्पिटलच्या पुस्तिकेत बदलण्याच्या सगळ्या पायऱ्या चित्रांसकट होत्या. मध्येच घाण होते आणि तरी माणूस हसू शकतो, हे चित्रात येत नाही. त्यासाठी ज्याच्या पोटावर पिशवी आहे असाच माणूस लागतो, आणि तो ओळखीपाळखीत मिळणं कठीण.

जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले होते: माया, प्रत्यक्ष मदत, माहिती आणि आपलं बरं चाललंय की नाही हे जोखायला मिळणारा दुजोरा. पहिल्या दोन्हींत बायको कुठेच कमी नव्हती. चौथा प्रकार तिच्या हातात नव्हताच. २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी गंभीर मानसिक आजार असलेल्यांच्या यूट्यूब व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया वाचल्या होत्या. तिथेही हेच सापडलं: एकटेपणा कमी होणं, उमेद वाटणं, रोजचं निभावण्याच्या युक्त्या, औषधांचे अनुभव. हे कुणी आखून दिलेलं नव्हतं, लोक आपापसांत करत होते.

आणि बायकोला का नाही सांगत? तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “हिला सांगितलं की मग हिचा चेहरा बघावा लागतो.” परक्याला जपावं लागत नाही. ती रडली, पण त्या दिवसानंतर ‘मी कमी पडले का’ हे तिने पुन्हा विचारलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती छोटी नाही. बोलता बोलता कळलं की कुणाच्या तरी कमेंटवरून त्याने पाणी कमी केलं होतं, म्हणजे पिशवी कमी भरेल. त्याला चक्कर येत होती, लघवी गडद होत होती. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं. ते नसेल तर दोन्ही बाहेर जातं आणि पाणी तोडणं थेट मूत्रपिंडावर येऊ शकतं. समुपदेशन थांबवून मी त्याला आधी सर्जनच्या टीमला फोन करायला लावला. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही अशा रुग्णांत पुरत्या न शोषल्या जाता पिशवीत येऊ शकतात, हे त्याला तिथेच समजलं. पिशवी कशी चिकटवायची हे व्हिडिओवरून शिका, पण तोंडावाटे काय आणि किती घ्यायचं हे अजिबात नाही, इतकं मी अशा प्रत्येकाला बजावते.

तुलनेचाही त्रास होतो. पिशवी लावून मॅरेथॉन धावणाऱ्याचा व्हिडिओ बघून तो दोन दिवस आडवा पडला होता. “तो पळतोय, मला जिना चढवत नाही.” ऑपरेशनला दोन महिने झालेल्याचा कंटाळवाणा, अंधुक व्हिडिओ त्याला जास्त उपयोगी पडला. त्याच्या स्वतःच्या व्हिडिओखाली कुणीतरी ‘शी, किळस’ लिहिलं होतं. कमेंट आधी तपासून मगच दिसतील अशी सेटिंग असते, ती आम्ही तिथेच लावली.

घरच्यांनी कधी घाबरायचं? किती तास बघतो यापेक्षा मोबाइल ठेवल्यावर माणूस काय करतो ते मी विचारते. हा पिशवी बदलायला शिकला होता, बाहेर पडायला लागला होता. झोप उडाली, भेटीगाठी तुटल्या, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं.

व्हिडिओ बंद कर असं मी त्याला सांगितलं नाही. आठवड्याला एक व्हिडिओ बायकोला पाठवायचा, त्यावर बोलायची सक्ती नाही, एवढंच ठरलं. पहिला व्हिडिओ होता रात्री पिशवी गळण्याबद्दलचा. तिने काही न विचारता गादीवर वॉटरप्रूफ चादर घातली. त्या रात्री तो पाठ न फिरवता झोपला, असं तिने मला सांगितलं.

अलीकडे तीही रुग्णांच्या जोडीदारांसाठी असलेल्या एका चॅनलखाली लिहायला लागली आहे. त्याला ते माहीत आहे. काय लिहितेस, हे त्याने अजून विचारलेलं नाही.