गाडी तुमची, हप्ता तुमचा. दर मात्र ॲपचा

प्रश्न: साताऱ्यात राहतो. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालो. फंड-ग्रॅच्युइटीचे 11 लाख एफडीत आहेत. मुलाला पुण्यात ओला-उबरला गाडी लावायचीय. सीएनजी गाडी 10 लाखांची. 2 लाख मी द्यावेत आणि 8 लाखांच्या कर्जाला जामीन राहावं, असं तो म्हणतो. राहू का?

उत्तर: काका, आत्ता नको.

एसटीत डिझेल, टायर, वर्कशॉप सगळं महामंडळाचं. इथं ड्रायव्हरही मुलगाच आणि डेपोही मुलगाच. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता साधारण 17,200. दिवसाचा धंदा 2,500 धरू. ॲपचे वीस टक्के म्हणजे 500, गॅस 600, उरले 1,400. महिन्यात 25 दिवस गाडी फिरली तर 35,000. हप्ता वजा जाता 17,800. विमा, परमिट, पासिंग, टायर, सर्व्हिसिंगसाठी महिना 7,000 बाजूला टाकायलाच हवेत. (नवी गाडी म्हणून पहिल्या वर्षी कुणी टाकत नाही, आणि तिथंच फसगत होते.) हातात 10,800. पुण्यातली खोली आणि मेस त्यातच.

धंदा 3,200 झाला तर चित्र पालटेल, पण तो आकडा मुलाच्या हातात नाही. केंद्राच्या 2020 च्या सूचनांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मुभा होती, 2025 मध्ये ती दुपटीपर्यंत गेली. काही ॲप कमिशन सोडून रोजची ठरावीक फी घेऊ लागली. राज्यानं ई-बाइक टॅक्सीला वाट करून दिली, म्हणजे एकट्या माणसाचं जवळचं भाडं तिकडे वळणार. यातलं काही चालकाच्या फायद्याचंही आहे. पण पाच वर्षांत हे किती वेळा बदलेल कोण सांगणार? हप्ता तेवढाच राहतो, आणि तो थकला की बँक जामीनदाराच्या दारात येते.

मुलाला आधी तीन महिने दुसऱ्याची गाडी रोजच्या भाड्यानं पुण्यात चालवू द्या. जमलं, तर 4 लाख द्या आणि कर्ज 6 लाखांवर आणा. हप्ता 12,900 च्या आसपास येईल. उरलेल्या 7 लाखांना हात लावू नका. गाडीचं पासिंग साताऱ्यातच करा. कासचा हंगाम, महाबळेश्वर, पुणे विमानतळ ही भाडी ओळखीतून फोनवर मिळतात, त्यात कमिशन नाही.

त्या तीन महिन्यांत रोजची वही ठेवायला सांगा, आणि रिकामे धावलेले किलोमीटर वेगळे लिहायला. ते कसं लिहायचं, हे तुमच्याएवढं त्याला कोण शिकवणार?