रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ बाइकला उंच विंडशील्ड घेऊ का? हायवेला हेल्मेट सतत धडधडतं

थांबा, आधी एक करून बघा. रिकाम्या रस्त्यावर ८० च्या स्पीडला फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) क्षणभर उभे राहा. धडधड थांबली, तर दोष वाऱ्याचा नाही. विंडशील्डच्या काचेच्या कडेवरून उसळलेले भोवरे नेमके हेल्मेटवर आपटतायत. मग नुसती मोठी काच घेऊन भागत नाही. मी घेतली होती. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर छातीवरचा वारा गेला आणि तोच कानाशी येऊन बसला.

अशा वेळी काचेवर क्लॅम्पने बसणारा डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणारी छोटी जोडकाच, आधी लावून बघा. स्वस्त पडतो आणि कोन बदलता येतो.

पूर्ण काच घ्यायचीच असेल तर उंची स्वतःच्या बसण्यावरून ठरवा, फोटो बघून नाही. गाडी उभी असताना जुन्या काचेला पुठ्ठा चिकटवा आणि कड नाकाच्या शेंड्याच्या जरा खाली येईल इतका कापा. रस्ता काचेवरून दिसायला हवा. काचेतून बघावं लागलं, तर रात्री पावसात समोरच्या ट्रकच्या लाइटमध्ये एकेक ओरखडा चमकतो आणि खड्डा गायब होतो!

मटेरियल पॉलीकार्बोनेटच घ्या. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात, पण खडा लागला की तडकतं. फक्त पॉलीकार्बोनेट पेट्रोलने किंवा अमोनियावाल्या स्प्रेने पुसू नका. चिकटलेल्या किड्यांवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की ते सुटतात.

बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून काचेला काही लागत नाही ना ते बघा, हँडगार्ड असतील तर नक्कीच.