व्हर्बियेला पहिल्यांदा निघालेल्या भाचीस

स्वित्झर्लंडच्या व्हॅले भागातल्या व्हर्बिये गावचा हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव १९९४ पासून आल्प्समध्ये, साधारण १५०० मीटर उंचीवर, उन्हाळ्यात भरतो. जिनिव्हाहून रेल्वेने मार्टिनी, तिथे गाडी बदलून ले शाब्ल, पुढे रोपवे किंवा बस. एवढं सोपं.

खरी अडचण कानांची आहे. आपण सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिरात बसून 'क्या बात है' म्हणत वाढलेली माणसं. तिथे समेवर मान हलवलीस तरी चालेल, पण मधेच टाळी नको! सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेचे, बहुधा चार भाग असतात आणि मधल्या शांततेत कुणी हात हलवत नाही. मी पहिल्या भागानंतर जोरात टाळ्या वाजवल्या होत्या, एकटाच. शेजारच्या बाईंनी इतक्या मायेने पाहिलं, की अजून लाज वाटते. वाद्यवृंदनायकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांब.

सगळी तिकिटं मोठ्या मंडपातल्या वाद्यवृंदाचीच काढू नकोस. चर्चमधली पियानोची किंवा चौघांची मैफल आधी ऐक. आपल्या तबला-सारंगीच्या संवादाच्या ती जास्त जवळची, निदान मला तरी वाटली. पैसे संपत आले तर तरुण वादकांच्या तालमी शोध. तिथे एकच जागा दहा वेळा वाजवताना दिसते, आणि रचना उलगडते ती तिथेच.

खाणं महाग. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बॅगेत हवीच. जुलै आहे म्हणून पातळ कपडे भरू नकोस, संध्याकाळी थंडी झोंबते. घरची सोलापुरी चादर जड वाटली तरी ने.